मधुमेहींचे हृदय आणि वनौषधींचे कवच
अर्जुन, आवळा, हळद, मेथी : प्रयोगशाळा काय सांगते, रुग्णाने काय करावे?

प्रतिनिधी

सकाळी फिरायला जाणाऱ्यांना शहरातील बहुतेक उद्यानांच्या दाराशी एक दृश्य हमखास दिसते. कारले, दुधी, आवळा, गुळवेल यांचे रस भरलेल्या बाटल्या मांडून विक्रेता बसलेला असतो आणि भोवती पन्नाशी-साठी गाठलेल्या स्त्री-पुरुषांची गर्दी असते. त्यांतील अनेकांना मधुमेह असतो, काहींना हृदयविकाराचीही चाहूल लागलेली असते. 'साखरही उतरते आणि हृदयही मजबूत होते', हे विक्रेत्याचे आश्वासन त्यांना पटते, कारण या वनस्पती आपल्या स्वयंपाकघरातल्या, परसातल्या आणि आजीच्या बटव्यातल्या आहेत. त्यातच अलीकडे 'अँटिऑक्सिडंट' या शब्दाची भर पडली आहे. काढा असो वा कॅप्सूल, वेष्टनावर हा शब्द असतोच.

या आश्वासनात तथ्य किती? प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहींमध्ये हृदयविकाराचा धोका इतरांच्या तुलनेत दुपटीहून चौपटीपर्यंत अधिक असतो. त्यामुळे हृदयाचे रक्षण करणारी कोणतीही गोष्ट या कोट्यवधी माणसांच्या दृष्टीने मोलाची ठरते. तितकीच महाग पडू शकते ती हृदयाचे रक्षण करते असा निव्वळ भास निर्माण करणारी गोष्ट.

साखर वाढली की हृदयात काय घडते?

मधुमेहात हृदयाला दोन वाटांनी इजा होते. पहिली वाट परिचित आहे. रक्तवाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तर बिघडते, त्यात चरबी साचते, वाहिन्या अरुंद होतात आणि हृदयविकाराचा झटका येतो. नसांवरही मधुमेहाचा परिणाम होत असल्याने काही रुग्णांना झटका आला तरी छातीत दुखत नाही. केवळ धाप, घाम किंवा थकवा जाणवतो आणि उपचारांचा मोलाचा वेळ निघून जातो.

दुसरी वाट त्या मानाने कमी परिचित आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील रूबलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार मधुमेही रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष मांडले. या चौघांचे हृदय दुर्बल झाले होते, परंतु हृदयाला रक्तपुरवठा करणाऱ्या मोठ्या वाहिन्यांत त्याचे समाधानकारक कारण सापडले नव्हते. मधुमेहामुळे हृदयाचा स्नायूच थेट आजारी पडतो, या कल्पनेचा पाया तेथे घातला गेला. या विकाराला आज 'डायबेटिक कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. स्नायू ताठर होतो, त्यात तंतू वाढतात, हृदय नीट सैल होत नाही आणि कालांतराने रक्त ढकलण्याची त्याची शक्तीही घटते.

मुक्त मूलकांचा हल्ला

स्नायूच्या या आजारात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणजे ऑक्सिडीकरणाचा ताण महत्त्वाची भूमिका बजावतो. पेशीतील ऊर्जा मायटोकाँड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्यांमध्ये तयार होते. हृदय क्षणभरही विसावा घेत नसल्याने त्याच्या पेशींचा सुमारे एक तृतीयांश भाग या भट्ट्यांनीच व्यापलेला असतो. भट्टी म्हटली की ठिणग्या आल्याच. ऊर्जानिर्मितीच्या ओघात ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू निसटतात. त्यांना मुक्त मूलक किंवा फ्री रॅडिकल्स म्हणतात. ते पेशीचे आवरण, प्रथिने आणि जनुकीय द्रव्य यांवर आघात करतात.

रक्तातील साखर सतत चढी राहिली की या ठिणग्या वाढतात. न्यूयॉर्कचे संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये आणि पुढे २००४ च्या बँटिंग व्याख्यानात एक सूत्र मांडले. मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंडे, नसा व रक्तवाहिन्यांना होणाऱ्या इजेचे अनेक मार्ग वरकरणी वेगळे दिसतात, मात्र त्यांच्या मुळाशी मायटोकाँड्रियातून होणारी सुपरऑक्साइड या मूलकाची अतिनिर्मिती असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

निसर्गाने या हल्ल्यावर तोडही दिली आहे. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज ही विकरे मूलकांना निष्प्रभ करतात. हृदयाची अडचण अशी, की यकृताच्या तुलनेत त्याच्याकडे कॅटालेजसारख्या विकरांचा साठा फारच तुटपुंजा असतो. काम अखंड, ठिणग्या अधिक आणि पाणी मारणारे हात कमी, अशी त्याची अवस्था असते. म्हणूनच बाहेरून अँटिऑक्सिडंटांची कुमक पाठवता येईल का, या प्रश्नाकडे संशोधक वळले आणि त्यांची दृष्टी साहजिकच वनस्पतींवर गेली.

वनस्पतीच का?

वनस्पतीला ऊन, कीड, बुरशी यांपासून पळून जाता येत नाही. जागेवर उभे राहूनच ती संरक्षण करते आणि त्यासाठी पॉलिफेनॉल, फ्लॅवोनॉइड, टॅनिन, ट्रायटर्पीन अशी नाना रसायने तयार करते. आवळ्याचा तुरटपणा, हळदीचा पिवळा रंग, जांभळाचा जांभळा रंग ही त्यांचीच देणगी. परीक्षानळीत ही रसायने मुक्त मूलकांना सहज निष्प्रभ करतात.

शरीरात मात्र हा हिशेब इतका सरळ राहत नाही. खाल्लेल्या पॉलिफेनॉलचा अल्प भागच रक्तात पोहोचतो आणि तोही यकृतातून बदलून जातो. त्यामुळे ही रसायने मूलकांना थेट टिपण्यापेक्षा पेशीची स्वतःची संरक्षक यंत्रणा जागी करतात, असे आता मानले जाते. या यंत्रणेची कळ म्हणजे 'एनआरएफ-२' हे प्रथिन. ते सक्रिय झाले की पेशी आपल्या संरक्षक विकरांची निर्मिती वाढवते.

येथे 'अर्क' या शब्दाचाही उलगडा करायला हवा. संशोधनातील अर्क म्हणजे घरचा काढा नव्हे. साल, पान किंवा बी वाळवून तिची पूड पाण्यात वा अल्कोहोलमध्ये भिजवतात आणि गाळून द्रव उडवून लावतात. उरणारा घट्ट अंश म्हणजे अर्क. द्रावक बदलला की अर्कातील घटक बदलतात. झाडाचे वय, जमीन आणि तोडणीचा हंगाम यांनीही फरक पडतो. एकाच नावाच्या दोन कॅप्सूल म्हणूनच सारख्या असतीलच असे नाही.

पांढऱ्या उंदरांचा पुरावा

'अमुक वनस्पती मधुमेहींच्या हृदयाचे रक्षण करते' अशी बातमी वाचली, की ती बहुधा पांढऱ्या उंदरांवरील प्रयोगाची असते. या प्रयोगांची पद्धत ठरलेली आहे. उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन टोचतात. ते स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते आणि उंदीर मधुमेही होतो. मग काही उंदरांना कित्येक आठवडे अर्क देतात, काहींना देत नाहीत. शेवटी हृदयाचा स्नायू तपासतात. अर्क घेतलेल्या उंदरांत संरक्षक विकरे अधिक आणि ऑक्सिडीकरणाची खूण असलेले मॅलोनडायअल्डिहाइड कमी आढळले, तर अर्क गुणकारी ठरतो. अर्जुन, आवळा, हळद, मेथी, जांभूळ यांच्याबाबत असे अनुकूल निष्कर्ष वारंवार आले आहेत.

हे प्रयोग निरर्थक नाहीत. त्यांतून यंत्रणा उलगडते. परंतु त्यांच्या मर्यादा वाचकांनी ध्यानात घ्याव्यात. पहिली म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिनने होणारा मधुमेह इन्शुलिनच्या अभावाचा, पहिल्या प्रकाराशी मिळताजुळता असतो. आपल्याकडील बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या प्रकाराचे असतात. दुसरी, उंदराला अर्क आजाराच्या आरंभापासूनच मिळतो, तर माणूस दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह घेऊन येतो. तिसरी मर्यादा मात्रेची. समजा, उंदराला दर किलो वजनामागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात रूपांतर करताना उंदराची मात्रा साधारण ६.२ ने भागतात. म्हणजे माणसासाठी दर किलोमागे सुमारे ३२ मिलिग्रॅम आणि ६० किलोच्या व्यक्तीला रोज १.९ ग्रॅम शुद्ध अर्क लागेल. सालीतून दहा टक्के अर्क निघतो असे धरले, तर ही जवळपास १९ ग्रॅम साल झाली. चहात टाकलेली चिमूटभर पूड या हिशेबात कोठेच बसत नाही.

माणसांवरील अभ्यास : कोणती वनस्पती कोठे?

अर्जुन : नदीकाठी वाढणारा, पांढुरक्या गुळगुळीत सालीचा हा वृक्ष मराठीत अर्जुनसादडा म्हणूनही ओळखला जातो. आयुर्वेदात त्याची साल हृदयासाठी प्रसिद्ध आहे आणि ती दुधात शिजवून अर्जुनक्षीरपाक करतात. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांत अर्जुनाच्या सालीने हृदयाचे कार्य सुधारल्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवर यापूर्वी छोटे, आशादायक अभ्यास झाले होते. पुढे दिल्लीतील संशोधकांनी हृदय दुर्बल झालेल्या रुग्णांवर काटेकोर चाचणी घेतली. नेहमीच्या औषधांबरोबर काहींना सालीचा प्रमाणित जलीय अर्क, तर काहींना तसेच दिसणारे निष्क्रिय औषध १२ आठवडे देण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयाच्या रक्त ढकलण्याच्या क्षमतेत अर्काने सुधारणा झाली नाही. काही रुग्णांची श्रम करण्याची ताकद आणि शरीरातील अँटिऑक्सिडंट साठा मात्र वाढला. रक्तातील मोजमापे सुधारली म्हणजे हृदय सुधारलेच असे नाही, हा या चाचणीचा बोध.

बिबला : सह्याद्रीत आढळणारा बिबला म्हणजेच विजयसार. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी पिण्याची चाल जुनी आहे. वैद्यकीय संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह आढळलेल्या रुग्णांवर विजयसाराची चाचणी घेतली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली होती. मात्र या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि हृदय हा तिचा विषयही नव्हता.

मेथी : हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मेथीवर विस्तृत काम केले. १९९० मधील एका अभ्यासात स्निग्धांश काढलेली १०० ग्रॅम मेथीपूड रोज आहारातून दिल्यावर पहिल्या प्रकारच्या मधुमेहींची साखर आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचे दिसले. मेथीचा मुख्य गुण तिच्यातील विद्राव्य तंतूंत आहे. ते साखरेचे शोषण मंदावतात. म्हणजे येथे श्रेय अँटिऑक्सिडंटपेक्षा साध्या चोथ्याला अधिक जाते.

हळद : हळदीतील कर्क्युमिन परीक्षानळीत प्रभावी असले, तरी आतड्यांतून ते जेमतेम शोषले जाते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की मिऱ्यातील पायपरीन सोबत दिल्यास माणसाच्या रक्तातील त्याची उपलब्धता वीसपट वाढते. त्यानंतर मिरीयुक्त कॅप्सूलची लाट आली. परंतु पायपरीन इतर औषधांचे शोषणही बदलू शकते. शिवाय अशा तीव्र मात्रेच्या हळद-पूरकांमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिका व इटलीत झाल्या आहेत. आमटी-भाजीतील हळदीला हा आक्षेप लागू होत नाही.

आवळा, जांभूळ, कारले : आवळ्यात 'क' जीवनसत्त्व आणि टॅनिन विपुल असतात. जांभळाचे बी आणि कारले यांचा साखरेवर काहीसा परिणाम दिसतो. तथापि, यांपैकी कशानेही मधुमेहींचे हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, असे दाखवणारी मोठी चाचणी झालेली नाही.

अँटिऑक्सिडंटांचा महागडा धडा

'पुरावा नसला तरी अँटिऑक्सिडंटांनी बिघडते काय?' असे काही जण विचारतात. या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राने मोठी किंमत देऊन मिळवले आहे. 'होप' या चाचणीत साडेनऊ हजारांहून अधिक जोखमीच्या व्यक्तींचा समावेश होता आणि त्यांत मधुमेही मोठ्या संख्येने होते. त्यांना रोज ४०० एकक 'ई' जीवनसत्त्व किंवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. २००० मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हृदयाला काहीही लाभ झालेला नव्हता. अभ्यास पुढे चालू ठेवल्यावर २००५ मध्ये दिसले, की 'ई' घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण उलट वाढले होते. ब्रिटनमधील २० हजारांहून अधिक रुग्णांच्या 'हार्ट प्रोटेक्शन स्टडी'तही 'ई', 'क' आणि बीटा-कॅरोटिन यांचे मिश्रण २००२ मध्ये निष्प्रभ ठरले.

त्याहून बोलका अनुभव बार्डोक्सोलोन या औषधाचा. ऑलिव्हसह अनेक वनस्पतींत आढळणाऱ्या ओलियानोलिक आम्लात फेरफार करून ते बनवले होते आणि वर उल्लेखिलेली 'एनआरएफ-२' ही संरक्षक कळ दाबणे हेच त्याचे काम होते. मूत्रपिंडे बिघडलेल्या सुमारे २,२०० मधुमेहींवर त्याची चाचणी सुरू झाली. औषध घेणाऱ्यांत हृदय दुर्बल होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण वाढल्याने २०१२ मध्ये ती थांबवावी लागली. तर्क निर्दोष होता, प्राण्यांवरील प्रयोग आशादायक होते आणि तरीही माणसाच्या हृदयाला अपाय झाला. मुक्त मूलक अल्प प्रमाणात शरीराला निरोप्याचे कामही करतात. त्यांचा समूळ उच्छेद इष्ट नाही, हे यानंतर अधिक गांभीर्याने घेतले जाऊ लागले.

वनस्पतींनीच दिलेली औषधे

याचा अर्थ वनस्पतींनी मधुमेहींच्या हृदयाला काहीच दिले नाही, असा नाही. युरोपात वाढणाऱ्या गॅलेगा या वनस्पतीतील द्रव्यावरून मेटफॉर्मिनच्या शोधाची वाट निघाली. मूळ द्रव्य विषारी होते. प्रयोगशाळेत त्याचे सौम्य भावंड घडवले गेले आणि १९५७ मध्ये फ्रान्सचे डॉ. जाँ स्तेर्न यांनी ते मधुमेहींवर वापरले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील अभ्यासात स्थूल मधुमेहींचे हृदयविकाराचे झटके मेटफॉर्मिनमुळे ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

दुसरी कथा सफरचंदाच्या झाडाची. १८३५ मध्ये त्याच्या सालीतून फ्लोरिझिन वेगळे काढण्यात आले. त्यामुळे लघवीवाटे साखर बाहेर पडते, हे पुढे लक्षात आले. ते आतड्यात टिकत नसल्याने औषध म्हणून वापरता येईना. त्याच्या रचनेवरून दीड शतकाहून अधिक काळानंतर 'ग्लिफ्लोझिन' गटाची औषधे तयार झाली. त्यांपैकी एम्पाग्लिफ्लोझिनच्या २०१५ मधील चाचणीत हृदयविकार असलेल्या सात हजार मधुमेहींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. मार्च २०२५ मध्ये भारतात त्याचा एकाधिकार संपला आणि किमती बऱ्याच उतरल्या. झाडाच्या सालीपासून रुग्णाच्या गोळीपर्यंतचा हा प्रवास मोजमाप, मात्रा आणि हजारो रुग्णांवरील चाचण्या या टप्प्यांतून झाला. अर्जुन वा बिबल्यालाही याच वाटेने जावे लागेल.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

सर्वांत मोठा धोका रसात नसतो, तो बंद केलेल्या गोळीत असतो. रस सुरू करून इन्शुलिन वा गोळ्या परस्पर थांबवल्या, तर साखर आणि रक्तदाब नकळत चढतात. याउलट गोळ्यांच्या जोडीला कारल्याचा रस भरपूर घेतल्यास साखर एकाएकी खाली येऊ शकते आणि ती घसरण हृदयरुग्णाला घातक ठरते.

दुधीच्या रसाबाबत विशेष सावधगिरी हवी. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधी व कारल्याचा मिश्र रस प्यायलेल्या एका मधुमेही गृहस्थाचा मृत्यू झाला. त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू दुधीचा रस पिऊ नये आणि तो अन्य रसांत मिसळू नये, असा सल्ला दिला. कारल्याच्या कडवटपणात दुधीतील कुकुरबिटासिन या विषाचा कडवटपणा लपतो, हे त्यामागील कारण आहे.

ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. लघवीच्या गोळ्या घेणाऱ्या हृदयरुग्णांनी ते टाळावे. गुळवेलीबाबत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले होते.

मधुमेह किंवा हृदयविकार बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधी जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे, हेही ग्राहकांनी लक्षात ठेवावे.

रुग्णांनी काय करावे?

* आवळा, मेथी, कारले, जांभूळ, हळद आहारात जरूर असू द्यावीत. अन्न म्हणून ती उत्तम आहेत.
* अर्क, कॅप्सूल किंवा रोजचा रस सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. वैद्यांकडून औषध घेत असल्यास दोघांनाही एकमेकांच्या औषधांची यादी दाखवावी.
* रस सुरू केल्यावर साखर अधिक वेळा तपासावी. चालू गोळ्या वा इन्शुलिन परस्पर बंद करू नये.
* दुधीचा तुकडा आधी चाखावा. कडू लागल्यास टाकून द्यावा. रस प्यायल्यावर उलट्या, पोटदुखी वा रक्तस्राव झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.
* डोळे किंवा लघवी पिवळी दिसणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे आढळल्यास पूरक औषध थांबवून यकृताची तपासणी करावी.
* शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना सर्व काढे व कॅप्सूल यांची माहिती द्यावी.
* धाप, अकारण घाम, जबडा वा हात दुखणे या लक्षणांवर घरगुती उपाय करत बसू नये.

मधुमेहींच्या हृदयाचे रक्षण कशाने होते, याचे उत्तर डेन्मार्कमधील 'स्टेनो-२' या अभ्यासाने २००३ मध्ये दिले आहे. १६० रुग्णांपैकी निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सर्वांकडे एकाच वेळी कसोशीने लक्ष देण्यात आले. सुमारे आठ वर्षांत या गटातील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका दुसऱ्या गटाच्या तुलनेत निम्म्यावर आला. उद्यानाच्या दाराशी मिळणाऱ्या रसापेक्षा उद्यानात घातलेल्या फेऱ्यांचा पुरावा आज तरी अधिक भक्कम आहे. रस प्यायचा असेल तर प्यावा, पण फेरी चुकवू नये आणि सकाळची गोळी विसरू नये.